कोरडं वजन

सोमवार, बुधवार, शुक्रवार
पहाटे साडेचारला दवाखान्याची व्हॅन येते.
किंचाओ बेटावरून फेरीबोटीत चढतो
आम्ही पाच जण, अर्धवट झोपेतले.
बोट लोखंडी आहे, माझ्या जातीची नाही.
तरी चढताना तिच्या अंगाला
हात लावून घेतो.

कास्त्रोत आधी वजनकाटा.
"दोन किलो आठशे जास्त," ओरिएता नर्स म्हणते,
"काय प्यालात, मेस्त्री?"
समुद्र, मी म्हणतो.
ती हसत नाही. तिला माझे विनोद पाठ आहेत.
दिवसाला अर्धा लिटर. त्यातच सूप, त्यातच चहा,
त्यातच गोळ्या गिळायचा घोट.
बासष्ट वर्षं पाण्यावर काढली
आणि आता पाणी बाटलीच्या बुचानं मोजतो.

जादा पाणी काढल्यावर जे उरतं
त्याला इथे कोरडं वजन म्हणतात.
माझं एकसष्ट किलो.
नव्या होडीचंही असतं असं एक,
पाण्यात लोटण्याआधीचं.
मग लाकूड पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात.
माझ्या मिटत नाहीत.

डावा हात यंत्राला दिलाय.
कातडीखाली शीर घुमत असते,
लांब खाडीत कुणाचं इंजिन चालू राहिल्यासारखी.
रात्री तो हात उशीवर आला की बायको विचारते,
कोण आलं आता किनाऱ्याला?

उजवा हात मोकळा. चार तास.
पहिलं वर्षभर तो मांडीवर पडून राहिला,
जाळ्यातून काढलेला.
वाकस, करवत, रंधा पुतण्याला देऊन टाकले होते.
देताना धार लावून दिली, एवढंच.

मग शेजारच्या खुर्चीतली यास्ना,
वय एकोणीस, भूमितीत पास, मूत्रपिंडात नापास
(हे तिचेच शब्द),
विचारती झाली: फळी वाकते कशी?
मी वजनाच्या चिठ्ठीमागे होडी काढून दाखवली.
बदक झालं.
चाळीस होड्या बांधल्या, कागदावर एकही नाही.
बघताना डोळ्याला खुपायची थांबली
की बाक बरोबर.

"खुपायची थांबली म्हणजे किती सेंटिमीटर?"
पोरगी सोडेना.
मग वीत निघाली, बोटं निघाली, अंगठ्याची रुंदी,
बापानं शिकवलेलं,
आणि बापानं न सांगता नुसतंच केलेलं.
ती आकडे लिही, मी रेघ ओढी.
चार तासांत एक बरगडी. कधी अर्धीच.
रक्तदाब पडतो, पिंडऱ्यांत गोळे येतात,
पेन्सिल खुर्चीखाली जाते
आणि मी छताकडे बघत ओरिएताला शिव्या घालतो.
दुखण्यानं माणूस खोल होतो म्हणणाऱ्यानं
माझ्या पिंडऱ्या एक दिवस घरी न्याव्यात.

एक मात्र खरं.
न गळणारी होडी मीही बांधलेली नाही.
कितीही साल ठासा, डांबर ओता,
थेंब येतोच.
म्हणून प्रत्येकीत एक डबा ठेवून देतात, उपसायला.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.

ऑगस्टात यास्नाची खुर्ची रिकामी.
कुणी विचारलं नाही. इथे विचारत नाहीत.
मी वही उघडलीच नाही.
तिसऱ्या आठवड्यात ओरिएतानं फोन कानाला लावला,
सांतियागोहून, मास्कमागून, कुणाच्या तरी मूत्रपिंडाच्या जोरावर:
"सातव्या बरगडीचा बाक राहिलाय, मेस्त्री."

काल मंगळवार. पुतण्यानं
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून रानाच्या कडेला नेलं.
सरळ झाड आमच्या कामाचं नसतं.
बरगडीला वाऱ्यानं वाकवलेलं लागतं.
तिथे एक उल्मो, समुद्राकडे पाठ करून,
पोक काढून उभा.
पुतण्यानं करवत उचलली.
थांब, म्हटलं.
अजून दहा वर्षं वारा खाऊ दे त्याला.

वहीत लिहिलं: सातवी.
झाड कुठलं, वाट कुठून, वीत किती.
मग बूचभर पाणी प्यालो.
सावकाश.